खतवालीचे काळे किडे

खतवालीला माणसांपेक्षा किड्यांना अक्कल जास्त आहे असं वाटायचं, आणि हे ती माणसांच्या तोंडावर सांगायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जव्हारकडे, साखरशेत गावाच्या बाजूला एका पोल्ट्रीवर मी सुपरवायझर होतो. वय बावीस, डिप्लोमा नवाकोरा, खिशाला पेन. ती जवळच्या पाड्यावरची, पिंजऱ्यांखालचं खत उपसायच्या कामावर. मालकापासून गुरांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणायची. मला 'सायब' म्हणे, पण अशा सुरात, की 'गाढवा' परवडलं असतं.

खत सगळं एकदम काढायचं नाही, हा तिचा हट्ट. एक ओळ काढली की शेजारची तशीच ठेवायची. कारण विचारलं तेव्हा तिने सुकं खत फोडून तळहातावर घेतलं. त्यात मोहरीएवढे काळे, चकचकीत किडे पळत होते.

"हे माशीची अंडी खातात, अळ्या खातात. तुझ्या बाटलीतल्या औषधाला तेवढं पण जमत नाय."

मी हसलो. पुढे मालक येणार असं कळल्यावर शेड स्वच्छ दिसावी म्हणून मी सगळं खत काढून एका शेताच्या बांधावर टाकायला लावलं आणि औषध फवारलं. ती दाराशी बसून बघत राहिली. "कर," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांत माश्यांनी शेड काळी झाली. ताजं, ओलं खत साचत होतं आणि अळ्या खाणारं कोणी उरलं नव्हतं. पाड्यावरची माणसं आली. एकीने भाकरी फडक्यात बांधून आणली होती. फडकं सोडताच माश्या बसून भाकरी दिसेनाशी झाली. पोल्ट्री बंद करा, म्हणाले. त्याच पाड्यावरच्या दहा-बारा बायका आमच्याकडे कामाला होत्या.

खतवालीने मला काही विचारलं नाही. बांधावरच्या ढिगाच्या पोटातलं सुकं खत ती टोपलीने परत आणू लागली, पिंजऱ्यांखाली पसरू लागली. लाजेकाजेस्तव मीही एक टोपली उचलली. "सरळ धर," ती म्हणाली. "त्यात जीव आहेत. तुझी डिग्री नाय."

दीड-दोन महिन्यांत माश्या ओसरल्या. लांबलेल्या भेटीला तेव्हा मालक आले. माश्यांची तक्रार त्यांच्या कानावर गेली होतीच; शेड बघून खूश झाले, माझी पाठ थोपटून कोणतं औषध मारलं ते विचारलं. खतवाली आमच्यापासून दोन हातांवर खत ओढत होती. मी एका औषधाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. चार दिवसांनी मी पाड्यावर गेलो. अंगणात ती नाचणी झोडत होती. परत ये, म्हटलं.

"मालकाला सांगितलंस?"

"सांगेन."

"मंग सांगून ये."

मी सांगितलं नाही. वर्षभरात नोकरी सोडून नाशिकला गेलो. पोल्ट्री बंद पडली, मालकही वारले. खतवाली गेल्याचं मला जव्हारच्या बाजारात कळलं, तेही तिला जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

मालक, औषध नाही, हे हिने केलं. एवढंच बोलायचं होतं. ती तिथेच उभी होती.