वाटणीतून राहिलेली कुत्री

भावाशी वाटणी झाली तेव्हा हंडे-कळश्या वाटल्या, गाडी-बैल वाटले, मागच्या अंगणात मधोमध छातीएवढी भिंत घातली. कुत्री तेवढी वाटायची राहिली. मोरीच्या भोकातून ये-जा करत ती सकाळची भाकरी आमच्याकडे खायची, संध्याकाळची त्यांच्याकडे.

आम्ही दोघे बैलांचे व्यापारी. जळगावच्या बाजारात कडुलिंबाखाली आमची जागा होती, आणि गिऱ्हाईक माणसाला नाही, जागेला ओळखतं. थोरला म्हणून ती भावाने ठेवून घेतली. तिथे उभं राहून घसा मी फोडला होता! मी पारोळ्याच्या बाजारात उन्हात नव्याने उभा राहिलो आणि त्याच्यापेक्षा मोठा झालो. तरी ती जागा माझी होती, हे मी आजही म्हणतो. त्याच रागात बायकोला बजावलं होतं, "त्या घराशी एक शब्द बोलायचा नाही."

तिने ते पाळलं. ती आणि वहिनी धुळ्याकडच्या एकाच गावच्या. सुट्टी लागली की दोघी एकाच एसटीने, एका बाकावर बसून माहेरी जायच्या आणि वाटभर अहिराणीत बोलायच्या. आमच्या असोद्याकडच्या बोलीला ती भाषा परकी. त्यामुळे घरात बायको माझ्यासारखंच बोलायची. वाटणीनंतर वहिनी स्टँडवर दिसली की बायको ती गाडी सोडायची आणि पुढच्या गाडीने जायची. मी हे पाहत होतो, आणि माझा शब्द चालतो म्हणून मला बरं वाटत होतं.

त्या वर्षी नाताळच्या तीन आठवडे आधी कुत्री भावाच्या गोठ्यात, कपाशीच्या काट्यांच्या, म्हणजे वाळल्या पऱ्हाट्यांच्या, ढिगाआड व्याली. पाच पिल्लं. माझी मुलगी भिंतीवर पोट टेकून दिवसभर तिकडे वाकलेली. "बाबा, आपल्याला एक तरी आणा ना." एक? मी म्हणालो, कुत्री निम्मी आपली आहे.

नाताळच्या दिवशी मी निघालो. आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायच्या, ख्रिस्ती. त्यांच्या दारावर पतंगाच्या कागदाची चांदणी, आत बल्ब. धुळ्याहून त्यांचे पाहुणे आले होते आणि त्यांना भरीत खायचं होतं, म्हणून भावाच्या मोठ्या अंगणात काट्यांचा जाळ करून वांगी भाजायचं चाललं होतं. मी फाटकात पाय ठेवला. नर्सबाईच म्हणाल्या, "या, या. आज भांडण चालत नाही आमच्यात. उद्या करा."

वहिनी हसली. "या भाऊजी, बसा. भरीत तयार शे. तिले काबर नही लयनात?"

बायकोला का आणलं नाही म्हणून ती विचारत होती. मी भावाकडे पाहून, पण वहिनीला म्हणालो, "पिल्लांचं ठरवायला आलोय."

भाऊ उठला. खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात पुढे केला. बैलबाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघ्यांना काही कळत नाही. ही बोटांची भाषा मला त्यानेच शिकवली होती. मी त्याचा हात धरला. वांगी सोलून तेलकट झालेला, गरम. मी चार बोटं दाबली. त्याने माझी दोन दाबली. मी मान हलवली, हात झटकल्यासारखा केला, तोंडाने "छट्!" म्हणालो. पाहुणे खो खो हसत होते. धुळ्याच्या एका म्हातारबुवांनी विचारलं, "अहो, कुत्र्यांचा भाव काय निघाला?" शेवटी तीनवर सौदा पटला. तीन मला, दोन त्याला.

मग ताट आलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि कडेला वाळूच्या पातेल्यात भाजलेल्या केकचा तुकडा. केक भरिताच्या तेलात भिजला होता, तरी मी तोही खाल्ला. पिल्लं माझ्या मांडीवर चढत होती, कुत्री माझं ताट हुंगत होती, वहिनी न विचारता वाढत होती. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. आणि प्रत्येक घासाला भिंतीपलीकडे बायको चुलीपाशी एकटी बसली आहे हे आठवत होतं. तरी मी तिसरी भाकरी घेतली.

पिल्लं टोपलीत घालून घरी आलो. मुलगी नाचायला लागली. बायकोने माझ्या सदऱ्याचा धुराचा वास घेतला आणि एवढंच विचारलं, "वांगी आपल्या असोद्याची होती का?"

"हो."

"मग चांगलंच झालं असेल."

मी ओरडून घेतलं असतं, पण ओरडण्यासारखं ती काही बोललीच नव्हती.

कुत्री पिल्लांच्या मागोमाग आलीच. सकाळी पाहतो तर उरलेली दोन पिल्लंही तिने तोंडात धरून मोरीतून आमच्याकडे आणली होती. पाचही माझी! मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिचा चेहरा पडला.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून वहिनीने कुत्रीला हाक मारली. कुत्रीने कान हलवला, पण पिल्लं सोडून उठली नाही. वहिनीने पुन्हा हाक मारली. बायको भाकरीचा तुकडा हातात घेऊन भिंतीपाशी उभी, आणि तो कुणाला घालावा ते तिला कळेना. मग पलीकडची हाक थांबली.

"आता आई काकूशी कशी बोलणार?" मुलगी म्हणाली.

"बोलते कुठे ती?"

"कुत्रीला बोलते ना. काकू पण कुत्रीलाच बोलते. तुम्हाला माहीत नाही?"

मला ते सगळं माझ्याच कानांनी ऐकलेलं आठवलं. बायको भिंतीपाशी भाकरी टाकताना म्हणायची, "तुनी मालकीननं गुडघं दुखस का आज?" मला वाटायचं, बाई कुत्रीचे लाड करते आहे. बायकोचे वडील आजारी होते त्या दिवसांत पलीकडून वहिनीचा आवाज यायचा, "खाय माय, पोटभर खाय. तुनं तोंड उतरेल शे." कुत्री तर चांगली गुबगुबीत होती. बैलाच्या दातांवरून त्याचं वय सांगणारा मी, माझ्या अंगणातलं एवढं मला कळलं नव्हतं. दोघींनी माझा शब्द मोडला नव्हता, आणि त्यातून कुत्रीएवढी वाट काढली होती. तीही मी सौदा जिंकून बंद करून आलो होतो.

तेव्हा तरी नीट बोलायला हवं होतं. पण माझी जीभ तशी वळत नाही. मी पाचही पिल्लं टोपलीत घातली आणि टोपली बायकोपुढे आदळली. "रात्रभर कुईकुई करून झोप मोडली यांनी. नेऊन टाक तिकडे."

"मी?"

"मग काय मी पुन्हा जाऊ?"

"मोरीतून सोडू?"

"फाटकातून जा. माणसासारखी."

तिने पदर नीट केला, टोपली कमरेवर घेतली आणि गेली. मुलगी आणि कुत्री तिच्या मागे. मग पलीकडून एकदम दोघींचे आवाज, एकमेकींत मिसळलेले, भरभर, रडल्यासारखे आणि हसल्यासारखे. मला त्यातलं निम्मंही समजत नव्हतं. एवढं बोलणं तिच्यात साठलेलं असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

मी चूल पेटवली आणि चहा टाकला. तो उकळून आटला, तरी ती आली नव्हती. तिला हाक मारायचा हक्क आज आपल्याला नाही, असं वाटून मी आधणात आणखी पाणी घातलं.