ड्रमची दुसरी चावी

नोकरीतले कितीतरी गुन्हे मी विसरलो. ती ड्रमची चोरी मात्र दर सोमवारी आठवते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी नाशकातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बायको जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे घरी जायची घाई नसे. एका बुधवारी खांद्यापर्यंत केस वाढवलेला तरुण फिर्याद घेऊन आला. रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तालमीच्या खोलीतून त्याचा सगळा सेट गेला होता: पायाने वाजवायचा मोठा ड्रम, चार लहान ड्रम, झांजा, स्टँड. कुलूप शाबूत होतं.

"साहेब, रविवारी मुंबईच्या ग्रुपबरोबर पहिला शो आहे. सेट नसेल तर ते दुसरा ड्रमर घेतील."

ठाणे अंमलदाराने 'ढोल नग पाच' असं लिहून घेतलं, तेव्हा त्याचा चेहरा आणखीच पडला.

खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: तो, गिटार वाजवणारा त्याचा मित्र आणि घरमालक. घरमालक आवाजाला वैतागलेला, म्हणून मी दोन दिवस त्यालाच पिळलं. तो बिचारा गायीसारखा गरीब निघाला. मित्र तर ड्रमरला धीर द्यायला ठाण्यात येऊन बसायचा.

शुक्रवारी सकाळी, पेपरात चोरीची बातमी वाचून, विंचूरहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, माझ्या रिकाम्या कांदाचाळीत कुनीतरी लय मोठे ढोल आणून ठेवलेत. माझं काय नाय त्यात!"

पंच आणि फिर्यादीला घेऊन मी तिथे पोहोचलो. माल पाहून चक्रावलो. चोर माल ओरबाडतो. इथे प्रत्येक झांज वेगळ्या चादरीत गुंडाळलेली. ड्रमरने एका ड्रमच्या पानावर, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावर, बोट दाबलं.

"पानं सैल केलीयत. बरेच दिवस ठेवायचे असले की आम्ही असंच करतो."

"कशाने?"

त्याने खिशातून चौकोनी भोकाची एक छोटी चावी काढली. "नाशकात मिळत नाही. मी मुंबईहून दोन आणल्या होत्या."

"दुसरी कुठाय?"

"मित्राकडे," तो बाहेर बघत म्हणाला. मला उत्तर मिळालं.

दुपारी मित्राला बोलावलं. आवाज चढवला नाही. "खिशातलं सगळं टेबलावर काढ." मोटरसायकलच्या किल्लीबरोबर ती चावी निघाली आणि तो रडायलाच लागला.

"सर, विकायचे नव्हते. चौघांचा बँड होता. एक दुबईला गेला, एक पुण्याला. हाही गेल्यावर मी कुणाबरोबर वाजवू? रविवार टळला की परत आणून ठेवणार होतो."

"मग पानं कशाला सैल केलीस?"

"चाळीत गरम होतं, सर. ताणलेली राहिली असती तर खराब झाली असती."

एवढी काळजी घेतली नसती, तर मला तो सापडला नसता. मला त्याची फार दया आली, पण अटक केली.

शनिवारी मी स्वतः कोर्टात धावपळ करून मुद्देमाल सोडवून दिला. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघे समोरासमोर आले. ड्रमर टेम्पोत बसून मुंबईला गेला. मित्राला जामीन मिळाला, दर सोमवारी ठाण्यात हजेरीच्या अटीवर.

काही महिन्यांनी ड्रमरने तडजोडीचा अर्ज दिला आणि कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटलं. अर्जात शेवटी लिहिलं होतं, 'जप्त केलेली चावी मित्राकडेच राहू द्यावी.' मी ती मित्राच्या हातावर ठेवली.

"तो आला की लागेल," तो म्हणाला.

ड्रमर काही आला नाही. पुढच्या सोमवारी मित्र मात्र ठाण्यातल्या बाकावर हजर!

"अरे, तुझी हजेरी संपली," अंमलदार म्हणाले.

"माहीत आहे, काका."

मी त्याच्यासाठी चहा सांगितला. माझी बदली होईपर्यंत तो येत राहिला आणि मीही सोमवारची वाट बघू लागलो. माणूस हावेपोटी चोरी करतो, हे मी खात्यात शिकलो होतो. एकटं पडायच्या भीतीनेही करतो, हे त्याच्याकडून शिकलो.

आता मी निवृत्त आहे. सोमवारी सकाळी फिरता फिरता पाय त्या ठाण्याकडेच वळतात. नवा अंमलदार विचारतो, "काही काम होतं का, काका?"

काम काहीच नसतं. तरी मी थोडा वेळ त्याच बाकावर बसतो.