कांताचा कागद

कांता गेली हे मला ज्या माणसानं सांगितलं, त्यानं त्याच फोनवर माझं सर्टिफिकेट मागितलं. सकाळची वेळ होती. कडा गावातल्या माझ्या शिलाईच्या दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं आणि मी मशीनला तेल घालत होते. "शैला मॅडम का? सोनवणे मॅडम वारल्या बरं का. पहाटं. डोक्यात रक्त सांडलं म्हणत्यात." मी मशीनच्या फळीला धरून उभी राहिले. तेवढ्यात तोच आवाज, तोच सूर. "मॅडम, तुमी दोघींनी संगंच कोर्स केलता ना? तुमचं बी त्याच ट्रेडचं सर्टिफिकेट असंल. पुढच्या हप्त्यात तपासणी हाय आमच्याकडं. नुसतं नाव लावू द्या. यायची गरज न्हाई." मी विचारलं, "बाईला घरातून उचललं का अजून?" तो म्हणाला, "दुपारी उचलणार हायत म्हणं. तवर तुमी इचार करून ठिवा." फोन ठेवून मी मागच्या नळावर गेले आणि चूळ भरली. तोंडात काही नव्हतं, तरी दोन-तीनदा भरली.

तो माणूस कांता जिथं शिकवायची त्या खासगी आयटीआयचा कारकून. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तेवढीच त्यांची जाहिरात होईल.

कांता मूळची चकलांब्याची. वडील शाळेत शिपाई होते. मुलीनं नोकरी करायची हे त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ठरलं होतं, त्यात कुणाचं मत विचारलं जात नसे. तिनं बीडला शिवणाचा कोर्स केला, लग्न होऊन चौसाळ्याला आली. नवऱ्याचं, उत्तमभाऊंचं, हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान. जवळच्या या संस्थेत ती शिवण शिकवायला लागली आणि चांगली काही वर्षं शिकवत राहिली. बोलायला फटकळ, कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. पुरुषाला तोंडावर 'बे' म्हणणारी बाई मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

मग नियमाचा बडगा आला. आयटीआयत शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे निदेशक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. नुसतं काम येऊन भागत नाही, ते शिकवायचं कसं याचंही शिक्षण घ्या, असा त्याचा अर्थ. नियम चुकीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण या लेखात मला किळस आली आहे ती नियमाची नव्हे. नियम आला तसा संस्थेच्या ऑफिसात एक माणूसही येऊन बसला. कुठल्याशा बाहेरच्या राज्यातून तो ते प्रमाणपत्र आणून द्यायचा. जायला नको, परीक्षा नको, एक फोटो आणि एक सही. संस्थेचे अध्यक्ष, सगळे ज्यांना आबा म्हणतात ते, स्वतः म्हणाले, "घ्या उरकून." बाकीच्यांनी उरकून घेतलं. कांता त्या माणसाला म्हणाली, "उद्या डॉक्टरबी असाच आणून देशील काय बे, फोटो आणि सहीचा?" आणि पोरगी प्रज्ञा पहिलीत असताना तिला सासूच्या हवाली करून ही बाई वर्षभरासाठी मुंबईला प्रशिक्षण केंद्रात गेली. तिथं हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत आलो.

पहिले दोन महिने ती सगळ्यांवर वैतागलेली असे. "मला फळ्यापुढं कसं उभं ऱ्हायचं ते शिकवणार ह्या!" पाठ घ्यायची तिची पहिली पाळी आली, विषय होता कॉलर लावणं. कांतानं आम्हा सगळ्यांसमोर अशी सफाईदार कॉलर लावली की दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या, हळू बोलायच्या. त्या म्हणाल्या, "कांताबाई, तुम्ही शिवून दाखवलंत. शिकवलंत कधी?" त्या संध्याकाळी ती जेवली नाही. सकाळी चहाच्या रांगेत माझ्या मागं उभी राहून म्हणाली, "ती बाई बरोबर बोलली गं शैले. इतकी वर्षं मी पोरींना माझेच हात दाखवत होते. त्यांचे हात कधी बघितलेच न्हाईत." त्यानंतरची कांता वेगळी होती. फटकळपणा गेला नाही, पण कुणी चुकलं की ती आधी गप्प बसून बघायची, हे नवीन होतं.

प्रमाणपत्र घेऊन ती परत आली तेव्हा आबांनी तिला शाल-नारळ दिला. प्रमाणपत्राची झेरॉक्स फ्रेम करून ऑफिसात लावली. मूळ कागद 'संलग्नतेच्या फायलीला लागतो' म्हणून ठेवून घेतला. आणि महिन्याभरात तिला सांगण्यात आलं की आता रोज यायचं काम नाही. पगार चालू राहील, थोडा कमी. वर्ग आबांच्या सूनबाई घेतील. कांता मला फोनवर म्हणाली, "तिला स्वतःच्या ब्लाउजचं हूक लावता येईना, अन् ती काय घेणार?" सूनबाईंनीही वर्ग घेतला नाही. त्या खोलीला कुलूपच लागलं. कांताचं नाव मात्र फलकावर राहिलं. पुढं आणखी एका तालुक्यात आबांच्या भावानं आयटीआय काढली, तिथल्या फलकावरही ते गेलं. कांता तिथं कधी गेली नव्हती. तपासणी असली की टेम्पोत घालून कुठून तरी मशिनी यायच्या, कांताला चांगली साडी नेसून बोलावलं जायचं. समितीचे लोक नाव विचारायचे, चहा घ्यायचे. संध्याकाळी टेम्पो परत जायचा. एकदा ती समितीतल्या माणसाला म्हणाली, "साहेब, या मशिनींत दोरा वोवलेला हाय का तेवढं बघा." तो हसला आणि काजूची बशी जवळ ओढली.

ती तरीही का जायची, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. तिचा मूळ कागद त्यांच्या कपाटात होता म्हणून. एवढं एकच कारण.

मग सरकारी आयटीआयत जागा निघाल्या. कांतानं परीक्षा दिली आणि तिची निवड झाली. आता फक्त मूळ कागदपत्रांची पडताळणी उरली होती. ती आबांकडे गेली. "देऊ की मॅडम. देणार न्हाई असं कुठं म्हणलो? कपाटाची चावी ज्याच्याकडं हाय तो मुंबईला गेलाय." ती रोज सकाळी जाऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायची. आबा येता-जाता नमस्कार करायचे, "चहा घेतला का मॅडम?" विचारायचे. पोलीस ठाण्यात कुणी तरी चांगुलपणानं सल्ला दिला की कागद हरवला अशी तक्रार द्या, म्हणजे दुसरी प्रत मिळेल. मीही तिला म्हणाले, लिही की खोटं, सगळं जग लिहितंय. ती म्हणाली, "हरवला न्हाई तर हरवला कसा म्हणू? मला दिसतोय ना तो कुठं हाय ते." पडताळणीची मुदत टळली. जागा यादीतल्या पुढच्या बाईला गेली. चावीचा माणूस त्याच आठवड्यात परत आला... तो मुंबईला गेलाच नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. चौसाळ्याच्या स्टँडवर तो रोज रसवंतीवर बसलेला असायचा.

त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. मी नोकरीचा नाद सोडून दुकान टाकलं होतं, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसावं, असं मी समजून चालले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी चौसाळ्याला गेले. घरासमोर मांडव होता. वंदना झाली, नातलग दोन शब्द बोलले. मग गाडी थांबली आणि आबा आले. त्यांच्या मागं तो कारकून, हातात हार. आबांनी माईक घेतला. सोनवणे मॅडम संस्थेचा कणा होत्या, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी ज्ञानदान केलं, असं बोलत राहिले. आवाज मध्येच कातर करत होते. मी कारकुनाकडे बघितलं, त्यानं मला ओळखून मान हलवली, जणू आमचं काही ठरलेलं आहे. उत्तमभाऊ तसे न बोलणारे गृहस्थ. ते खुर्चीवरून उठले, आबांजवळ गेले आणि म्हणाले, "साहेब, भाषण ऱ्हाऊ द्या. कांताचा कागद द्या."

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

आबांनी उत्तमभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "देऊ की. तेवढी तपासणी होऊ द्या."

मांडवात एका म्हातारीनं पदर नाकाला लावला, घाण वास आल्यासारखा. मला वाटतं तेच उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आणि मी मृत्यूचा दाखला घेऊन आयटीआयच्या वरच्या सरकारी ऑफिसात गेलो. प्रज्ञा आता नर्स आहे, आईसारखीच मोजकं बोलते. तिथल्या साहेबांनी दाखला वाचला, उलटून बघितला. "वाईट झालं," म्हणाले. "पण निदेशक वारल्याचं संस्थेनं कळवायचं असतं. तुम्ही नाही." प्रज्ञा म्हणाली, "ते कळवणार नाहीत, म्हणून तर मी आले." साहेब म्हणाले, "मग आमच्या रेकॉर्डला त्या आहेत." इतकं शांतपणे म्हणाले, की आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. दाखला त्यांनी ठेवून घेतला नाही. पोचही दिली नाही.

तपासणी झाली. संस्थेला दुसरं कुणाचं तरी नाव मिळालं, कुठलं ते माहीत नाही. माझं मिळालं नाही एवढं सांगू शकते. संलग्नता वाढवून मिळाली, आबांचा सत्कार झाल्याची बातमी फोटोसह छापून आली. त्यानंतर कांताचा मूळ कागद संस्थेच्या शिपायानं चौसाळ्याला आणून दिला. फायलीला लावण्यासाठी त्याला पंचनं भोकं पाडलेली होती. एक भोक तिच्या फोटोतून आरपार गेलं होतं. उत्तमभाऊंनी तो उजेडाकडे धरला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातला. भिंतीवर लावू नका, एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मी तिथंच होते. दुपारी अंगणात चपला वाजल्या. सहा-सात पोरी, ओढण्या डोक्यावरून घेतलेल्या, पिशव्यांत कापड. मी प्रज्ञाला विचारलं, "ह्या कोण?" ती म्हणाली, "संस्थेतल्या. म्हणजे नावं तिथं आहेत, शिकायला इथं येतात. आई घेत होती." मला हे माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं त्या संस्थेतून पास झालेल्या पोरी या घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत शिकल्या होत्या. उत्तमभाऊ म्हणाले, "मी तिला लई बोललो. त्येंचा निकाल तू कावून सुधरायली? तर म्हणली, माझं नाव लावलंय ना त्येंनी? मंग माझ्या नावाच्या पोरीची शिवण वाकडी गेली तर लाज कुणाला?"

पोरींची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. मॅडम नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरी आल्या होत्या. दुसरीकडे कुठं जाणार? प्रज्ञानं खोलीचं दार उघडून दिलं.

आत दोन मशिनी, कापायचं टेबल, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार. तारेला चिमट्यांनी कापडाचे तुकडे अडकवलेले. मला आधी वाटलं, उत्तम कामाचे नमुने असतील, सगळ्या शिवणवर्गांत असतात तसे. जवळ गेले तर एकही धड नव्हता. चुणी पडलेली कॉलर, उलटा बसलेला खिसा, खेचलेली काजं. प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचलेली, तिच्यावर चूक कशानं झाली ते एका ओळीत, आणि खाली जिनं ती केली तिचं नाव. पहिल्या काही चिठ्ठ्यांवर नाव होतं कांता. एक पोरगी म्हणाली, "मॅडम म्हणायच्या, नवी चूक केली तर तारेवर जागा. जुनीच केली तर उसवा."

मी खुर्ची ओढून बसले. शिकवायला मला येतं, तेही मुंबईच्या त्याच बाईंनी मला आणि कांताला शिकवलं होतं. दिवेलागण होईपर्यंत मशिनी चालल्या. निघायच्या वेळी चकलांब्याकडची एक बारकीशी पोरगी बाहीचा तुकडा घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. बाही उलट्या खांद्याला जोडली होती. मी तारेवर शोधलं, तसली चूक तिथं नव्हती. "नवी आहे," मी म्हणाले. तिनं टेबलावरून चिठ्ठी घेतली, कारण लिहिलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि चिमटा लावून तुकडा तारेला अडकवला.