दिवेलागणीची अट

परवा फोनवर तुम्ही दोघं तक्रार करत होतात की तिकडे सायकल चालवायची तर डोक्यावर हेल्मेट हवं, पाठीमागे लाल दिवा हवा, हात दाखवून वळायला हवं. मग विचारलंत, "आजी, तुमच्या वेळी बरं होतं ना? काहीच नियम नसतील." मी तेव्हा हसले आणि विषय बदलला, कारण फोनवर सांगण्याइतकी ती गोष्ट लहान नाही. आता नीट बसून लिहिते.

नियम होते, आणि तुमच्यापेक्षा जास्त होते.

एकोणीसशे पन्नास ते साठ या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. आम्ही पिंपरीत राहत होतो. तुम्ही पाहिलेली पिंपरी नव्हे. तेव्हा ते गाव होतं, भोवती ज्वारीची शेतं होती, आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला कारखाने नुकते उभे राहू लागले होते. माझे वडील साताऱ्याकडून आले आणि औषधांच्या एका नव्या कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट झाले. दिवसभर इंग्रजी पत्रं टाइप करून त्यांची घरातली बोलीही पत्रासारखी झाली होती. "तथापि" आणि "या अटीवर" हे शब्द आमच्या घरी मिठासारखे रोजच्या वापरातले होते. कारखान्यात वीज होती. गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात कंदील होते.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. शाळा खडकीला होती. सकाळी जायला गाडी सोयीची होती, पण संध्याकाळची गाडी फार उशिरा यायची. त्या काळी इंग्रजी आठवीपासून शिकवायला सुरुवात होई, त्यामुळे गावातल्या शाळेतून आलेल्या मुलींचं इंग्रजी अगदी लुळंपांगळं असे. माझं तर विशेष. म्हणून बाईंनी शाळा सुटल्यावर स्पेशल क्लास ठेवला होता. क्लासला थांबलं की घरी पोचायला अंधार, आणि न थांबावं तर इंग्रजीत नापास. याला उपाय एकच होता, सायकल.

वडिलांनी आठवडाभर विचार केला आणि चिंचवडच्या रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे मला घेऊन गेले. हे मिस्त्री मुसलमान होते, पांढरी दाढी, बोटं कायम ग्रीसने काळी. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांच्याकडे लेडीज सायकल नव्हती. मधे आडवा दांडा असलेली, वापरलेली, पण ठणठणीत जेन्ट्स सायकल होती.

"दांड्यावरून ही पाय कसा टाकणार?" वडील म्हणाले. "पाचवारी अडकणार."

"मग नऊवारी नेसवा साहेब," चाचा म्हणाले. "कासोटा मारला की दांडा काय, घोडापण चालतो. बेटी, तेरी अम्मी को पूछ."

आणि तसंच झालं. तुमची ही सुशिक्षित आजी आईचं नऊवारी नेसून, कासोटा घालून खडकीला जायची आणि शाळेत पोचल्यावर शिक्षिकांच्या खोलीमागे पाचवारीत शिरायची. वर्गातल्या पुण्याच्या मुली मला "झाशीवाली" म्हणत. मला ते आवडत असे. हे त्यांना कळू दिलं नाही.

आता नियम. सायकल विकताना चाचांनी तिचा चौकटीवर ठोकलेला नंबर पावतीवर लिहिला आणि सायकल वडिलांच्या नावाने झाली. मग बिल्ला. बिल्ला म्हणजे सायकलीचा कर भरल्याची पत्र्याची चकती, पुढे हँडलखाली लावायची. दर वर्षी तिचा आकार बदले, म्हणजे जुनी लावून कुणी फसवू नये. गंमत अशी की आमच्या गावात बिल्ला लागत नसे. दापोडीचा पूल ओलांडला की लागे. पुलाच्या पलीकडच्या टोकाला नाका होता आणि नाक्यावर एक हवालदार उभे असत. त्यामुळे रोज सकाळी कामाला जाणारे बिनबिल्ल्याचे लोक नाका दिसला की पटापट खाली उतरत, सायकल हातात धरून, अगदी सज्जन चेहऱ्याने चालत जात, आणि वळणापलीकडे गेले की पुन्हा स्वार होत. सायकल हातात असली की माणूस पायी चालणारा ठरे, आणि पायी चालणाऱ्याला कायदा काही म्हणत नसे.

हवालदारांना हे सगळं ठाऊक होतं. ते मावळातले, मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. एकदा संध्याकाळी परतताना माझ्यापुढे एक माणूस बायकोला मागे बसवून आला.

"उतरा राव, उतरा. डबलसीट चालत न्हाई."

"साहेब, बायको आहे माझी."

"असंना. लगीन झालं म्हून दोघांची एक सीट व्हत न्हाई."

बायको उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी मघापासून सांगत होते." मग ते दोघं पुलाच्या टोकापर्यंत भांडत चालत गेले.

तिसरा नियम दिव्याचा. अंधार पडल्यावर सायकलीला पेटता दिवा हवा. तेव्हा बहुतेकांकडे रॉकेलचे दिवे असत, पुढे भिंगाची काच असलेले. पुलावर नदीचा वारा आला की ते विझत. पकडलेला प्रत्येक माणूस एकच उत्तर देई, "आत्ताच विझला हो." मग हवालदार आपला तळवा दिव्याच्या टोपणावर ठेवत. गरम लागला तर सोडत, गार लागला तर नाव लिहून घेत.

आणि शेवटचा नियम आमच्या घरचा. सायकल दारात उभी करून वडील म्हणाले, "सायकल दिली आहे ती एका अटीवर. दिवेलागणीच्या आत घरात. एक दिवस जरी हे मोडलं तरी सायकल चाचांकडे परत जाईल. तसं मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे."

म्हणजे सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. दिवेलागण चुकली की सायकल गेली, सायकल गेली की स्पेशल क्लास गेला, क्लास गेला की इंग्रजी, आणि इंग्रजी गेलं की मॅट्रिक. मॅट्रिक झाले नाही तर पुढे काय, हे साताऱ्याहून आलेल्या मामांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पाहण्यात एक स्थळ होतं.

दिवाळीपर्यंत काही अडचण आली नाही. मी उजेडातच घरी येई, सायकलीबरोबर घेतलेला नवा कोरा दिवा न पेटवता नुसता लटकलेला असे. मग दिवस लहान होऊ लागले. मार्गशीर्षात एका सकाळी मी निघताना आई म्हणाली, "तुझ्या दिव्यात तेल घातलंय, वातही कापलीय. असू दे, लागला तर." मला बरं वाटलं. दुपारी कंदिलांच्या काचा राखेनं पुसून ओळीने ठेवणं हे आईचं रोजचं काम, आता त्या ओळीत माझा दिवाही आला होता.

त्याच दिवशी बाईंनी निबंध लिहायला घातला, माय फेव्हरिट सीझन. माझा आवडता ऋतू कोणता ते मला माहीत होतं, पण त्याची क्रियापदं माहीत नव्हती. बाईंनी तो दोनदा लिहून घेतला. बाहेर आले तेव्हा सूर्य कललेला नव्हे, टेकलेला होता. मी नऊवारी खोचली, दिवा पेटवला आणि जोरात निघाले.

नाक्याच्या अलीकडेच दिवा फडफडला आणि विझला. मी उतरले, काडी ओढली, तो जेमतेम लागला आणि पुन्हा गेला. उशीर होतोय म्हणून तशीच चढले, आणि नाक्यावर हवालदारांनी हात आडवा केला.

"थांब. दिवा?"

"हा काय."

"हा काय शोभेला हाय? पेटल्याला पायजे."

"आत्ताच विझला," मी म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी तळवा टोपणावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग दुसरा ठेवला. "कोमट हाय," ते म्हणाले. कोमट दिव्याचं काय करायचं हे त्यांच्या नियमात नव्हतं. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, हुंगलं, आणि मिशा वर गेल्या.

"अगं, हे तर गोडंतेल!"

नाक्यासमोर चहाचं हॉटेल होतं. तिथल्या बाकावरची माणसं हसायला लागली. "हवालदारसाहेब, कांदा कापू का? भजी होत्याल!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी कुठलाही नवा दिवा पहिल्यांदा लावायचा तर तो गोड्या तेलानेच. त्याला रॉकेलचा वास लागू द्यायचा तो नंतर. आईने सायकलीच्या दिव्यालाही तोच मान दिला होता. पण असल्या वातीवर गोडंतेल वर चढत नाही हे त्या मानपानात तिच्या लक्षात आलं नाही.

"आईनं घातलंय," मी सांगितलं. "नवा दिवा आहे म्हणून."

"तुझ्या आईला सांग, ही सायकल हाय, समई न्हाई." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "बापाचं नाव?"

वडिलांचं नाव लिहिलं गेलं की घरी कागद येणार. मी वडिलांचीच मुलगी, मला एकदम मुद्दा सुचला.

"काका, तुम्ही दिवा कधीपासून बघता?"

"दिवेलागण झाल्यापासनं."

"दिवेलागण कधी झाली म्हणता?"

हे सगळ्यांनाच माहीत होतं. हवालदारांकडे घड्याळ नव्हतं. समोरच्या हॉटेलवाल्याची गॅसबत्ती लागली की त्यांचं दिव्यांचं काम सुरू होई. त्यांनी हॉटेलाकडे पाहिलं. मी पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. हॉटेलवाला पायरीवर उकिडवा बसला होता, पुढ्यात गॅसबत्ती, पंपावर हात. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हवालदारांकडे, आणि पंपावरचा हात हळूच काढून घेतला.

"पिन अडाकलीया, हवालदार," तो म्हणाला. "आज टाइम लागंल."

"अरे, पण मला कप दिसंना!" बाकावरचा एक जण म्हणाला.

"कप तुझ्या हातात हाय. तोंड कुठं हाय ते ठावं हाय न्हवं? मग पी गप."

हवालदारांनी आभाळाकडे पाहिलं. नदीवर अजून तांबडी रेघ होती, बारीकशी. मग त्यांनी पेन्सिल खिशात घातली.

"पुलावर चढायचं न्हाई. हातात धरून जायचं. पुलाच्या पल्याड माझं काय न्हाई. आन उद्या रॉकेल घालून ये."

मी पूल चालत ओलांडला. अर्ध्यावर आले तेव्हा मागून एकदम झक्क पांढरा उजेड पडला आणि माझी सावली लांबच लांब पुढे गेली. पिन निघाली होती.

पण हवालदारांच्या दिवेलागणीतून सुटले, तरी वडिलांची पुढे होतीच. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, प्रत्येक ठिकाणी रस्त्याकडेच्या घरांत दिवे लागलेले. एखादंही घर अंधारात नव्हतं. मी पायडल मारत होते आणि मनात चाचांच्या दुकानात उभी असलेली सायकल दिसत होती. आळीत शिरले तर शेजारी, समोर, सगळीकडे कंदील. फक्त आमचं घर काळंकुट्ट.

मला वाटलं, काहीतरी झालं. सायकल टाकून धावले.

ओसरीवर वडील खुर्चीत बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. उंबऱ्याच्या आत आई उभी होती, पुसलेले कंदील ओळीने मांडलेले.

"आलीस? हातपाय धू," आई म्हणाली. "आता दिवे लावते."

वडील खाकरले. "हिला उशीर झाला आहे."

"कशावरून?"

"अगं, कशावरून म्हणजे? डोळ्यांना दिसतंय."

"अहो, अट काय होती? दिवेलागणीच्या आत घरात. ती घरात आहे. दिवेलागण अजून व्हायचीय."

"सगळ्या आळीत दिवे लागलेत."

"अटीत आळी नव्हती."

वडिलांनी मांडीवरचा पेपर उचलून पुन्हा ठेवला. अटीची भाषा त्यांचीच होती, आणि आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पत्रं शब्दाशब्दाला तपासली होती. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"मला पेपर वाचायचा होता," एवढंच ते म्हणाले.

आईने काडी ओढली. ती लागली नाही. दुसरी ओढली, तीही नाही. काडेपेटी सादळली होती. तिसरी काडी मोडली तेव्हा ओसरीवरून वडिलांचा हात पुढे आला. हातात काडेपेटी होती, खडखडीत कोरडी.

आई त्या पेटीकडे बघत राहिली. "म्हणजे मघापासून खिशात होती?"

"मला कुणी मागितली नाही," वडील म्हणाले.

आईने आधी देवापुढचा दिवा लावला, मग कंदील. त्या उजेडात मी वडिलांकडे पाहिलं तेव्हा त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला होता आणि तो थोडा थोडा हलत होता. मी दिव्यातल्या तेलाचं सांगितलं तेव्हा तो जास्तच हलला. अखेर त्यांनी पेपर खाली घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "तथापि, उद्यापासून रॉकेल."

सायकल राहिली. मामांचं स्थळ दुसऱ्या कुणाला तरी मिळालं, आणि ती बाई सुखात राहिली असं नंतर कळलं. अटीचे शब्द वडिलांनी कधी बदलले नाहीत. त्या हिवाळ्यात बाईंनी आणखी दोन-तीनदा निबंध लांबवले, आणि त्या त्या दिवशी आमच्या घरी दिवेलागण उशिरा झाली.