डोक्यात जाणारी माणसं

माझी सासू मनकवडी होती. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. चुलीपुढं बसून मनात नुसतं यावं की घोटभर चहा मिळाला तर बरं, की पाठीमागून आवाज, "साखर संपलीय." माहेरची आठवण यावी, तर लगेच, "दिवाळीला जा." म्हणजे बाईमाणसानं स्वतःच्या डोक्यातसुद्धा मोकळं हिंडायची सोय नाही! म्हणून मी एक युक्ती काढली होती. काही लपवायचं असलं की तिच्याजवळ बसून मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशीच्या पुढं कुणाचं मन वाचायची कुणाची हिंमत होत नाही, असा माझा समज.

त्या दुष्काळात पाढ्याची गरज फार पडली. विहिरी आटल्या, कडबा संपला, तेव्हा दूध संस्थेनं रस्त्याकडेच्या माळावर जनावरांची छावणी काढली. दोन बैल नि एक म्हैस घेऊन मी आणि सासू तिथं राहायला गेलो. नवरा नगरकडे बांधकामावर होता. छावणीत जनावरांना चारा-पाणी मिळायचं आणि माणसांना रिकामा वेळ.

आणि माझ्याकडं एक फॉर्म होता. आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. फॉर्म मी भरून सरकी पेंडीच्या रिकाम्या पोत्यात दडवला होता. शुक्रवारच्या आत तो पाटोद्याच्या ऑफिसात द्यायचा होता. त्याला गावचा रहिवासी दाखला जोडायचा होता, तो अजून काढायचाच होता. पण तोंड उघडायचं कसं? आमच्याकडं दिवाळीच्या पुढंमागं ट्रक येतात आणि अर्धं गाव ऊस तोडायला जातं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम दारात उभा करत नाही. मी अंगणवाडीत बसले की नवऱ्याचा कोयता मोडलाच. लग्नाला चार हंगाम झाले होते, चारही हंगाम मी डोक्यावर मोळ्या वाहिल्या होत्या. पाचव्याला जायचं नव्हतं. जीव विटला होता माझा. पण "कोयता जोडीनं चालतो" हे वाक्य सासू दिवसातून दोनदा म्हणायची, आणि तिच्यापुढं बोलायची माझी छाती नव्हती.

तर सिनेमा. रिकामी माणसं दुपारी भांडतात, हे संस्थेच्या चेअरमनच्या ध्यानात आलं. त्यांनी संस्थेच्या हापिसातला टीव्ही आणि सीडी लावायचा डबा छावणीत आणून हिरव्या जाळीच्या मांडवाखाली ठेवला. चारा आणणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगितलं, बीडहून येताना एखादी चांगली, देवाधर्माची सीडी आण. त्या बहाद्दरानं आणली. कव्हरवर डोळे मिटलेला एक माणूस, आणि त्याच्या डोक्याभोवती पिवळाधमक उजेड. अक्षरं इंग्रजी.

"डोक्यामागं उजेड हाय म्हंजे संतच की बे," टेम्पोवाला म्हणाला. "तिकडचा आसंल."

बायका अंघोळी करून आल्या. आमच्या शेजारच्या दावणीवरच्या म्हातारबांनी टीव्हीपुढं उदबत्ती लावली. कुणीतरी नारळही आणला होता, तो फोडायचा आरती झाल्यावर की आधी, यावर थोडी चर्चा झाली. आणि बारावी पास म्हणून भाषांतराला मला उभं केलं. इंग्रजीत मला पस्तीस मार्क होते, काठावरचे. हे छावणीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

संत काही वेळ चांगले वागले. मग त्यांनी जेवणाच्या टेबलापलीकडच्या टायवाल्या साहेबाकडं रोखून बघितलं. साहेबाच्या हातातला चमचा थरथरला. नाकातून रक्त आलं. आणि पुढच्या क्षणाला साहेबाचं डोकं फटकन फुटलं, अख्खं, खांद्यापासून वर काही राहिलंच नाही.

म्हातारबांनी उदबत्ती विझवली.

"काय झालं गं?" आमच्या गावातलीच शेजारीण माझ्यावर ओरडली. "कावून फुटलं?"

आता आली का पंचाईत! पडद्यावरचा डॉक्टर तेच समजावून सांगत होता, पण मला त्यातलं फक्त 'हेड' नि 'माइंड' कळत होतं. तरी गोष्ट ध्यानात आली होती. ही माणसं दुसऱ्याच्या डोक्यात शिरतात, त्याच्या मनातलं वाचतात आणि राग आला तर आतूनच डोकं फोडतात. घाईघाईत मी म्हणाले, "ही माणसं दुसऱ्याच्या डोक्यात जातात."

झालं. मांडवात हशा पिकला.

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" शेजारीण म्हणाली. "माझी जाऊ रोज डोक्यात जाती. उठल्यापासून जाती."

मी समजावायला गेले की अहो तसं डोक्यात जाणं नव्हे, खरोखरचं जाणं. पण ऐकतंय कोण! छावणीनं ठरवून टाकलं की हा वात आणणाऱ्या माणसांचा सिनेमा आहे, आणि त्यांचा वात सहन न होऊन समोरच्याचं डोकं फुटतं. त्यात इतकं तथ्य होतं की मलाही पटायला लागलं.

सिनेमा संपल्यावर जी मतं पडली, तशी संस्थेच्या वार्षिक सभेतही पडत नाहीत. शेजारीण म्हणाली, गोऱ्यांची डोकी कच्ची. तिनं जाऊबाईंबरोबर अठरा वर्षं काढली, तिचं साधं टाळकंसुद्धा तडकलं नाही. टेम्पोवाल्याचं म्हणणं, शेवटच्या मारामारीत दोघं नुसते एकमेकांकडं बघत बसले, ह्याला काय फाइट म्हणायची बे? म्हातारबांचा मुद्दा वेगळाच होता. "मनातलं वाचतो म्हणं. मंग त्या साहेबाच्या मनात काय व्हतं, ते सांगितलंच न्हाई. नुस्तं फोडलं. आधी इचारावं, मंग फोडावं." चेअरमन मागं खुर्चीत बसले होते. 'डोक्यात जाणारा' हा शब्द आला की सगळी छावणी वळून त्यांच्याकडं बघायची. ते उठून म्हणाले, सिनेमा भिकार आहे, उद्या लावायचा नाही. त्यामुळं उद्या लावायचाच, असं सगळ्यांचं तिथल्या तिथं एकमत झालं.

सासूनं मत दिलं नाही. ती पहिल्या रांगेत बसून टीव्हीकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघत होती.

दुसऱ्या दिवशी बुधवार. शुक्रवार उंबऱ्यात आलेला आणि माझा दाखला नाही, जायची सोय नाही, तोंडात बोल नाही. रात्रभर पाढे म्हणून जीभ नाही पण डोकं झिजलं होतं. पुन्हा तोच मांडव, तोच साहेब, तेच फटकन. पुन्हा तो डॉक्टर समजावायला उभा राहिला, आणि माझ्या अंगात काय शिरलं देव जाणे.

"डॉक्टर म्हणतोय," मी खडा आवाज लावला, "की ज्याला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, त्यानं घरातल्या बाईच्या मनातलं ओळखून गप बसू नये. तिला शुक्रवारच्या आत पाटोद्याला जायचं असंल, तर जाऊ द्यावं. न्हाईतर डोकं फुटतं."

'शहराला' म्हणायचं होतं मला. जिभेनं दगा दिला.

"पाटोद्याला?" टेम्पोवाल्यानं मान वळवली.

मी टीव्हीकडं बोट केलं. तेवढ्यात म्हातारबा म्हणाले, "पाटोदे लई हायेत. तिकडंबी आसंल एखादं." आणि सगळ्यांना ते पटलं. एवढी चांगली माणसं मी पुन्हा कुठं पाहिली नाहीत.

सिनेमा उरकून दावणीवर आलो. सासू खाली बसून पेंड फोडायला लागली. मी म्हशीच्या आडोशाला उभी राहिले आणि पाढा सुरू केला.

"त्या डागदराला शुक्रवार कसा ठाव गं?" सासू म्हणाली.

एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.

"पाढा म्हणू नको. व्हट हालत्यात तुजे. चार वर्सं झाली, हालत्यातच."

म्हणजे एवढी वर्षं मी तिच्यासमोर पाढ्याचं नाटक करत होते आणि ती पहिल्या रांगेत बसून बघत होती! लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

"पत्र्याची पेटी उघड," ती म्हणाली. "पोत्यात कागूद ठिवत्यात व्हय? उंदरानं कोपरा खाल्ला बग."

पेटीत माझा फॉर्म होता. त्याला टाचणीनं एक कागद लावलेला. रहिवासी दाखला, माझ्या नावाचा, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा. सोमवारी "टँकरला जाते" म्हणून गेलेली ती संध्याकाळी आली होती, आणि कळशी रिकामी होती. मी तेव्हा मनात म्हणाले होते, म्हातारी गप्पा मारत बसली असंल कुठंतरी. ती तीन कोस गावी आणि तीन कोस परत चालली होती. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, तिनं फॉर्म कुणाला तरी दाखवून त्याला काय काय लागतं ते विचारून घेतलं होतं.

"आत्याबाई, मग बोलला कावून न्हाई?"

"तू मागितलं कावून न्हाई? मला कळतं म्हणून तू मनातच ठिवायचं? वाट बगत व्हते, आज मागंल, उद्या मागंल. तू त्या डागदराच्या तोंडून मागितलंस!" आणि ती हसायला लागली. पेंडीचा तुकडा हातातून पडेस्तोवर हसली. मला मात्र रडू फुटलं.

"आन् कोयता?" मी विचारलं.

"जोडीनं चालतो," ती म्हणाली. "जोड काय बायकोचीच लागती व्हय? आय हाय की."

मी नाही म्हणाले. भांडले. तुमचं वय काय, तुमची हाडं काय, म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हशीला पेंड घातली. गुरुवारी मी पाटोद्याला जाऊन फॉर्म दिला. पावसाळ्यात नेमणुकीचा कागद आला. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा माझा नवरा खाली मान घालून चढला, आणि त्याच्या मागून साठीला टेकलेली माझी सासू, कासोटा घट्ट करून, कुणाचा हात न धरता. मी अंगणवाडीच्या दारात उभी राहून बघितलं. आत पोरं खिचडीसाठी ताटल्या वाजवत होती, आणि मला त्या क्षणी ती नोकरी नको झाली होती.

पाच महिन्यांनी ती परत आली ती वाकूनच. ट्रकमधून नवऱ्यानं उचलून उतरवलं. शेजारीण भेटायला आली, इकडचं तिकडचं बोलली, आणि हसत म्हणाली, "आत्याबाई, त्या डोकं फुटायच्या शिनमाचं तुमी मत दिलंच न्हाई बगा."

सासू घोंगडीवर पडल्या पडल्या म्हणाली, "खोटा हाय शिनमा. डोक्यात कुणी कितीबी जाऊ दे, डोकं फुटत न्हाई. कंबर तेवढी मोडती."

शेजारीण खो खो हसली. मला हसू येईना. मी भिंतीला टेकून बसले होते, ओठ घट्ट मिटून. मनात आलं, तेल कोमट करून हिची कंबर चोळावी. मी उठलेसुद्धा नव्हते.

"करडईचं संपलंय," सासू म्हणाली. "खोबऱ्याचं घे."