आक्काची हरकत

उचगावाबाहेरच्या आमच्या शेतातून नवा रस्ता जाणार, हे आम्हाला वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवरून कळलं. बारीक टायपातल्या गट नंबरांत आमचाही होता, पावणेदोन एकर, विहिरीसकट.

मोजणीला माणसं आली तेव्हा आम्ही शेतकरी बांधावर बसून राहिलो, मोजणी होऊ दिली नाही. अधिकारी सभ्य होता. मोबदला चांगला मिळेल म्हणाला. मी म्हणालो, "मोबदल्याचं नंतर बोलू. आधी मला विचारायला कुणी आलं होतं का? जमीन द्यायची की नाही हे कुणी ठरवायचं?" मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळं असं बोलणं मला जमायचं. पुढं प्रत्येक सभेत लोक मलाच उभं करू लागले.

कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चाला आक्काही आली. माझी थोरली बहीण. हुपरीला दिलेली, घरीच चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करते. भाषणं संपल्यावर आम्ही गाड्यावर चहा घेतला.

"चांगलं बोललास," ती म्हणाली. "खरं, मला बी कुणी इचारलं नव्हतं की."

"रस्त्यात तुझं काय जातंय?"

"रस्त्याचं न्हाय बोलत. आबा गेल्यावर सही घेतलास, त्येचं."

वडील गेल्यावर मी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला नेलं होतं. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. वाचून दाखवलं नव्हतं. येताना एक साडी घेऊन दिली.

"तू नको म्हणाली असतीस, तर मी काय जबरदस्ती केली असती का?"

"नको म्हणायला आधी कुणीतरी इचारावं लागतंय."

सगळ्याच बहिणी सही करतात, असं मी म्हणालो. "व्हय," ती म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली.

घरी हे बायकोला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मीही केलीच की माहेरी." लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ते माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो, पण दोन वाक्यांत खाली बसलो. आठवड्यानं हुपरीला गेलो आणि निम्मी जमीन तिच्या नावावर करतो म्हणालो.

तिनं हातातलं काम खाली ठेवलं नाही. "रस्त्यात जाणार म्हणून देतोस व्हय?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. रस्ता होवो न होवो, तुझंच राहील, एवढंच मी म्हणू शकलो.

जमीन नावावर करायच्या बक्षीसपत्राच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीत तिनं सगळी पानं वाचली. मागं रांग थांबली होती. दोन शब्द अडले, ते तिनं कारकुनाला विचारून घेतले आणि मगच सही केली.

नंतर हरकतींची सुनावणी लागली, तेव्हा आक्का माझ्या शेजारी बसली होती. ती नकार देणार हे मी गृहीतच धरलं होतं. अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "द्यायचं का न्हाय ते मी अजून ठरवलं न्हाय. मला येळ पायजे."

गावातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. बाहेर पायरीवर आल्यावर तिला समजावावं म्हणून मी तोंड उघडलं आणि बसची वेळ तेवढी विचारली. हक्क तिचा म्हणजे तिनं माझ्या मनासारखंच वागावं असं नव्हे, हे वर्गात मी कितीतरी वेळा शिकवलं असेल. त्या पायरीवर ते फार जड गेलं.

महिन्याभरानं तिनं लेखी नकार दिला. कारण लिहिलं नव्हतं. मोजणी अजून झालेली नाही आणि पुढं काय होईल ते सांगता येत नाही. तिच्या वाट्याच्या निम्म्या रानात तिनं यंदा ऊस काढून सोयाबीन केलंय. मला ते पटलेलं नाही, पण पेरणी मीच करून दिली.