पोचमपल्लीच्या साडीचं घर शोधताना

तर त्या सकाळी नळाचं पाणी भरून झालं होतं, कुकर उतरला होता, वांग्याच्या भाजीला कढ येत होता आणि मी अठराव्या डब्यात पोळ्या ठेवत होते. नागपूरच्या लकडगंजातल्या माझ्या स्वयंपाकघरातून रोज अठरा डबे गांधीबागेतल्या कापड दुकानांत जातात. डब्यांचा ऑटो यायला अवकाश होता, म्हणून कपाटातल्या साड्या उन्हात टाकायला काढल्या. त्यात ती जांभळी पोचमपल्ली हाताला लागली आणि मी नेहमीसारखं म्हणाले, "कोणी विणली असेल ही?"

माझी मुलगी प्रीती बुटीबोरीच्या कारखान्यात जायच्या गडबडीत होती. बुटात पाय घालता घालता म्हणाली, "आई, दरवेळी साडी काढली की तू हेच विचारते. एकदा जाऊन पाहून ये ना."

ही साडी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ह्यांनी आणली. हे गांधीबागेत एका दुकानात तीस वर्षं गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचे. "पोचमपल्लीच्या मागावरून थेट आली आहे," म्हणाले होते. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं वाचन दुकानातून आलेल्या रद्दीवर आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयावर झालं. त्या रद्दीतच कधीतरी वाचलं होतं, की विणकराला आपल्या हातची साडी कुठेही ओळखू येते. मला ही साडी जिथे विणली त्या घरी ती नेसून जायचं होतं. बाकी देवदर्शन, समुद्र वगैरे काही डोक्यात नव्हतं.

सोबतीला नणंदेला विचारलं. शकुताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, ह्यांच्या पाठच्या. माझे सासरे नागपुरी साड्या विणायचे. मी लग्न होऊन आले तोवर घरातला माग मोडीत निघाला होता, पण शकुताईंनी लहानपणी त्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. दक्षिणेत माग पाहायला जायचं म्हटल्यावर त्या उड्या मारायच्याच बाकी राहिल्या. मी पिशवीत जांभळी साडी ठेवली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"ती साडी काहून घेऊन राहिली, वहिनी? गाडीत लोकं काय काय सांडतात."

"तीच तर दाखवायची आहे."

"मोबाईलवर फोटो दाखव ना."

मी ऐकलं नाही. प्रीतीने बेत असा आखला, की आधी सर्वांत लांब केरळात जायचं, मग वर वर येत कांचीपुरम आणि शेवटी पोचमपल्ली. तिन्ही ठिकाणी विणकर आहेत. दुकानांना नऊ दिवस डबे बंद राहतील असं सांगितलं आणि संक्रांत झाल्यावर निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, तिकिटं दोन महिने आधी काढा. स्लीपरला माणशी सातशेच्या आसपास पडले आणि गाडीत पूर्ण एक दिवस जातो. आमच्याजवळ तिळाच्या पोळ्या आणि शकुताईंची लसणाची चटणी होती, त्यामुळे गाडीतलं काही घ्यावं लागलं नाही. समोरच्या बाकावरच्या मल्याळी काकांनी चटणी बोटावर घेऊन चाखली आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत बसले.

बल्लारशा सुटलं की ओळखीच्या पाट्या संपतात. मी वही काढून स्टेशनांची नावं पाहून अक्षरं उतरवायला लागले, कारण खाली हिंदीत तेच नाव असतं. विजयवाड्यापर्यंत तेलुगूतली सात अक्षरं जमली, सेलमपर्यंत तमिळमधली चार. पालक्काडला पुन्हा सगळं नवं. इतक्या वर्षांनी अंगठेबहाद्दर व्हायला मजा आली.

आलुव्याला उतरून परवूरची बस धरली आणि तिथून दुसऱ्या बसने चेंदमंगलम. रस्त्यात पाणीच पाणी. आमच्याकडे नदीला पाणी आलं म्हणून पाहायला जातात, इथे प्रत्येक घरामागे होडी लागेल इतकं पाणी. विणकर सोसायटीच्या लांब खोलीत पंधरा-वीस माग होते, निम्म्यांवर कोणी नव्हतं. जिथे होतं तिथे माझ्या वयाच्या किंवा मोठ्या बायका. ओमनाचेची नावाच्या बाईंना हिंदी येत होतं, मुलगा भिलाईला नोकरीत होता म्हणून. चेची म्हणजे ताई. काही वर्षांपूर्वीच्या पुरात ही खोली बुडाली होती. त्यांनी भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर होतं ते दाखवलं, तो हात त्यांच्या डोक्याच्या वर गेला. सूत चिखलात गेलं, मागाची लाकडं फुगली. लोकांनी मदत केली, माग पुन्हा उभे राहिले.

"मग आता काय अडतं?" मी विचारलं.

"अब बैठने वाला नहीं," त्या म्हणाल्या. "मेरी बहू मॉल में साड़ी बेचती है. एसी में खड़ी रहती है. मैं बोलूँ, इधर आके बैठ?" आणि हसल्या. त्यांच्या मागावर दुधाच्या रंगाची, सोनेरी काठाची साडी होती. शकुताई शेजारी बसून कांड्या भरायला लागल्या. पन्नास वर्षांनी हात लावला, तरी चाकाचा वेग असा पडला की बाकीच्या बायका उठून बघायला आल्या.

दुपारी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्याची उसळ खाल्ली, दोघींचे मिळून शंभर रुपयेही झाले नाहीत. शकुताईंनी तिथेही चटणी काढली.

चेंदमंगलमहून पुन्हा आलुवा, तिथून गाडीने वेल्लोरला लागून असलेलं काटपाडी, मग वेल्लोरहून बसने कांचीपुरम. तमिळनाडूत गावातल्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आणि आम्ही कुठल्या हेही कोणी विचारलं नाही. एक सूचना. कांचीपुरमला रिक्षावाला म्हणेल, विणकराच्या घरी नेतो, आणि नेईल थेट शोरूममध्ये. आमच्या रिक्षावाल्याने तीन दुकानं केली. चौथ्या दुकानापाशी शकुताई खाली उतरून म्हणाल्या, "भाऊ, आम्ही साड्या घ्यायले नाही आलो, साड्या विकणाऱ्याच्या घरच्याच आहोत." त्याला शब्द समजला नाही, सूर समजला. मग त्याने आपल्या ओळखीच्या सेल्वम यांच्याकडे नेलं.

कांचीपुरमच्या खऱ्या साडीचा काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचं असतं. ते विणताना जोडायचं असतं आणि त्याला शेजारी दुसरं माणूस लागतं. पूर्वी घरातलं कोणीतरी बसायचं. आता मुली कॉलेजात, मुलगा चेन्नईत, म्हणून सेल्वम यांच्या बायको वळ्ळी दुखऱ्या गुडघ्यांनी बसतात. व्यापारी म्हणतात, जोडकाम सोडा, एकसलग विणा, लवकर होईल. "ते माझ्यानं होत नाही," सेल्वम म्हणाले, आणि वळ्ळी तमिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या. सेल्वम यांनी स्वतःच त्याचं हिंदी केलं: "बोलती है, ज़िद मेरी और घुटना उसका."

मी पिशवीतून जांभळी साडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. पोचमपल्लीची आहे, म्हटलं. त्यांनी पदर हातात घेतला, अंगठा फिरवला, उलटा करून पाहिला. बायकोकडे पाहिलं.

"कलर अच्छा है," म्हणाले आणि साडी माझ्यापेक्षा नीट घडी करून परत दिली. मग वळ्ळींनी कॉफी आणली.

शकुताईंनी कॉफी पोळत पोळत संपवली. "चाल वं वहिनी, बस जाईन."

पोचमपल्लीला जायच्या सकाळी सिकंदराबादच्या लॉजमध्ये मी साडी नेसायला घेतली. शकुताई पलंगावर बसून बघत होत्या. "वहिनी, उन्ह भल्ली आहे. सुती घाल ना."

"जानेवारीत?"

"मंग घाल बाई तुले घालायची तर." आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

उप्पलहून बस मिळते. तेलंगणात बायकांना फुकट आहे, पण आमचं आधारकार्ड पाहून कंडक्टरने पैसे घेतले. तासाभरात गाव आलं. गल्लीगल्लीतून मागाचा खटखट आवाज, ओसरीवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, लाल, काळ्या, हळदी. मला इतका आनंद झाला होता की कोणत्या घरात शिरावं ते सुचेना. एका दारात साठीच्या बाई सूत बांधत बसल्या होत्या, त्यांनीच हाक मारली. त्यांचं नाव यादम्मा. आत त्यांचे यजमान नरसय्या मागावर होते. दोघांनाही हैदराबादी हिंदी येत होतं, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

मी समोर उभी राहून पदर पसरला. "ही साडी इथली आहे. कोणत्या घरची असेल, सांगता येईल का?"

यादम्मांनी पदर उलटला. आतली बाजू फिकी होती. ती फिकी आहे हे मला माहीत होतं. मला वाटायचं रेशीम आतून असंच असतं. कापड हे ह्यांचं खातं आणि स्वयंपाक माझं, त्यामुळे मी कधी विचारलंच नव्हतं. यादम्मांनी पदर पुन्हा सरळ केला.

"प्रिंट है अम्मा," नरसय्या मागावरून म्हणाले. "मशीन का. रेशम भी नहीं."

यादम्मांनी त्यांना तेलुगूत चांगलंच झापलं. मग मला हात धरून बसवलं आणि मागावरचं कापड दाखवलं. इथे नक्षी विणायच्या आधीच सुतात असते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सूत जागोजागी बांधायचं, रंगवायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. म्हणून खरी साडी दोन्हीकडून सारखी. महिना-महिना दोघं खपून एक ताणा, म्हणजे मागावर चढवलेलं उभं सूत, विणून उतरवतात, आणि तोवर त्याच नक्षीचं छापील कापड बाजारात आलेलं असतं.

मी नीट ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात एकच होतं, तीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला हे कळलं नव्हतं असं होऊच शकत नाही. म्हणजे हे माझ्याशी खोटं बोलले.

तेवढ्यात यादम्मांनी स्वतःचा पदर उलटून माझ्या मांडीवर टाकला. तोही फिका. "मेरा भी वैसाच है."

"डिज़ाइन हमारा है," नरसय्या मागावर थाप मारत म्हणाले. "इसी मग्गम पे बुना था. फिर बाज़ार में साढ़े चार सौ को मिला, तो ये लेके आई."

"अपना वाला पहनूँ तो बेचूँ क्या?" यादम्मा म्हणाल्या.

आम्ही दोघी छापील साड्या नेसून खऱ्या साडीपाशी बसलो होतो. मला हसू आलं आणि थांबेना. यादम्माही हसायला लागल्या. शकुताई मात्र दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "दादाले विचारलं मी. म्हणे, तिले सांगू नको, दिवाळीले खरी आणतो. मंग प्रीतीची फी, मंग छत गळे, मंग त्याचं दुखणं. तू इतकी खुश होती, माह्या तोंडून कसं निघन?"

मी त्यांना म्हटलं, बसा इथे. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. डाळ-भात आणि गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी जेवलो. मी सुताला पट्ट्या बांधून पाहिल्या. माझ्या गाठी सैल पडत होत्या, त्यातून रंग आत शिरला असता, म्हणून यादम्मा सोडून पुन्हा बांधत होत्या आणि मला शिकवायचं सोडत नव्हत्या. प्रीतीसाठी सुती ओढणी घेतली. तुम्ही गेलात तर घरातून किंवा सोसायटीतून घ्या आणि आधी उलटून पाहा. रेशमी साडी आठ-दहा हजारांच्या पुढे आहे. तेवढे पैसे मी नेले होते. पण घरी एक पोचमपल्ली असताना दुसरी कशाला, असं सवयीनं मनात आलं आणि पुन्हा हसू फुटलं.

निघताना यादम्मा म्हणाल्या, "नागपूर में बोलो सबको, उल्टा करके देखो." म्हणून हे लिहिते आहे.

परतीच्या गाडीत मी ह्यांच्याशी भांडत आले. तीन वर्षांत मी ह्यांना फक्त चांगलं म्हणत होते, लोकही तेच म्हणत होते. आता भांडायला काहीतरी मिळालं होतं. दरवेळी साडी नेसली की हे बजावायचे, घरी धुऊ नको, रेशीम आहे, ड्रायक्लीनला दे. मी देत राहिले आणि हे गंभीर तोंड करून पावती सांभाळून ठेवायचे. शकुताईंना सांगितलं तर त्या वरच्या बर्थवरून म्हणाल्या, "खोटं बोलावं तर असं, वहिनी. शेवटपर्यंत निभावलं त्यानं." सगळा डबा जागा होईल इतक्या आम्ही हसलो. वर्धा गेल्यावर मला थोडं रडू आलं. शकुताईंनी पाहिलं आणि चटणीचा डबा पुढे केला, त्यात काही उरलं नव्हतं.

दोघींचा मिळून सगळा खर्च बावीस हजार झाला, नऊ दिवसांचा. चेचींची अर्धी रिकामी खोली, वळ्ळींचे गुडघे, यादम्मांचा फिका पदर, हे अजून डोळ्यांपुढे आहे. ह्यांच्यावरचा राग घरी पोचेपर्यंत टिकवायचा मी ठरवलं होतं. तो नागपूरच्या अलीकडच्या अजनी स्टेशनापर्यंतच टिकला.

दुसऱ्या दिवशी अठरा डबे रवाना केले, जांभळी साडी साध्या साबणाने बादलीत धुतली आणि गच्चीवर वाळत घातली.